लहान मुलाचा तीव्र इसब: रोजची आंघोळ, मलमाचं माप आणि धोक्याच्या खुणा

तीव्र इसब असलेल्या मुलाच्या घरात एक विसंगती हमखास दिसते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सौम्य स्टिरॉइड मलम भीतभीत, मोहरीएवढं घेऊन दोन दिवस लावलं जातं आणि ‘स्टिरॉइड आहे हो’ म्हणून बंद होतं. इसब परत उसळला की कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून एक मिश्र मलम येतं. त्यात बहुतेक वेळा क्लोबेटासॉल असतं, म्हणजे स्टिरॉइडांमधलं सगळ्यात जहाल. ते मात्र गालांवरसुद्धा बिनधास्त चोळलं जातं, कारण ट्यूबवर मोठ्या अक्षरांत फक्त ब्रँडचं नाव असतं.

इसब बरा होत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या अनेक मुलांमध्ये औषध चुकीचं नसतं, ते कमी पडलेलं असतं: मॉइश्चरायझर कमी, मलम कमी, दिवस कमी. म्हणून या लेखात मी मापांवर जास्त भर दिला आहे. डोस आणि औषधाची निवड तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांचीच. पण ते दहा मिनिटांत सांगतात आणि घरी चोवीस तास तुम्हाला निभवायचं असतं.

आधी इसबच आहे ना?

इसब, नायटा, गजकर्ण, खरूज हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. औषधं मात्र पूर्ण वेगळी आहेत.

घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटते का, हे पहिलं बघा. आई, आजी, मोठा भाऊ असे सगळेच खाजवत असतील आणि बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर पुटकुळ्या असतील तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. मग उपचार एकाच वेळी सगळ्या घराचा करावा लागतो. कडा उठलेला, मध्ये मोकळा होत जाणारा गोल चट्टा असेल तर नायटा, म्हणजे बुरशी. त्यावर स्टिरॉइड लावलं की तो दबल्यासारखा वाटतो आणि आतून पसरतो. पुरळ तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी साचलेलं असेल, जोडीला जुलाब असतील, केस गळत असतील, तर डॉक्टर झिंकची कमतरता तपासतात.

इसब तान्ह्या बाळाला बहुधा गाल, डोकं आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो; लंगोटाची जागा सहसा वाचते. दोन वर्षांनंतर तो कोपरांच्या आतल्या आणि गुडघ्यांच्या मागच्या घड्यांत, मनगटावर, मानेवर सरकतो. घरात कुणाला दमा, सर्दी-शिंका किंवा इसब असणं ही मोठी खूण. अनेक मुलांमध्ये त्वचेची ओल धरून ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी पडतं. 2006 साली या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. तेव्हा आईनं गरोदरपणात काय खाल्लं, कुणाची दृष्ट लागली, ‘अंगात उष्णता’ कुठून आली, याचा शोध थांबवा. आईला तर या प्रश्नांतून आधी सोडवा.

आपल्या सावळ्या कातडीबद्दल एक गोष्ट. पुस्तकांत आणि इंटरनेटवर दिसणारे लालभडक चट्टे गोऱ्या मुलांचे असतात. आपल्या मुलांमध्ये तोच दाह जांभळट, राखाडी किंवा नुसता काळपट दिसतो, कधी काटा आल्यासारखी खरखरीत बारीक पुरळ असते. रंगावर जाऊ नका. बोटं फिरवून बघा. कातडी खरबरीत, जाड, गरम लागतेय का आणि मूल खाजवतंय का, एवढं पुरेसं आहे.

किती तीव्र आहे ते दर रविवारी मोजा

‘खूप आहे’, ‘जरा बरं आहे’ यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठानं पालकांसाठी पोएम नावाची सात प्रश्नांची मोजणी तयार केली आहे. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज सुटली, झोपमोड झाली, रक्त आलं, पाणी किंवा लस पाझरली, भेगा पडल्या, पपुद्रे निघाले, कातडी कोरडी-खरखरीत लागली? एकही दिवस नाही तर 0 गुण, एक-दोन दिवस 1, तीन-चार दिवस 2, पाच-सहा दिवस 3, रोज असेल तर 4. बेरीज जास्तीत जास्त 28. 17 किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र.

कॅलेंडरच्या रविवारच्या चौकटीत हा आकडा लिहीत जा आणि त्याच उजेडात त्याच जागांचे फोटो काढा. महिनाभरानं औषध लागू पडतंय की नाही यावर घरात वाद घालायची वेळ येत नाही.

आंघोळ

रोज घाला. इसब असलेल्या मुलाला पाणी लावू नये हा समज चुकीचा आहे. त्रास होतो तो कढत पाण्याचा, साबणाचा आणि घासण्याचा.

पाणी कोमट, मनगटाच्या आतल्या बाजूला गरम लागणार नाही इतकं. वेळ पाच ते दहा मिनिटं. साबणाऐवजी बिनवासाचा, पीएच 5.5 च्या आसपासचा साबणविरहित क्लेन्झर, तोही फक्त काखा, जांघा, लंगोटाची जागा आणि मळलेल्या भागांपुरता. आंघोळीच्या पाण्यात घालायच्या महागड्या तेलांवर पैसे घालवू नका. 2018 साली ब्रिटनमधल्या बाथ नावाच्या मोठ्या चाचणीत त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. बोअरच्या जड पाण्याची काळजी अनेकांना असते. पाणी मऊ करणारं यंत्र बसवून इसब सुधारत नाही, हे 2011 च्या एका ब्रिटिश चाचणीनं दाखवलं. ते पैसे मॉइश्चरायझरला ठेवा.

आता मालिशवाल्या मावशींचा विषय. डाळीचं पीठ, साय, हळद लावून लव निघेपर्यंत घासणं, मग मोहरीचं तेल, वेखंडाची पूड आणि शेवटी धुरी: हे सगळं प्रेमानं होतं आणि इसब असलेल्या बाळाला सगळंच बाधतं. पीठ कातडी खरवडतं, मोहरीचं तेल झोंबतं, धुरीचा धूर पुढे दम्याकडे झुकू शकणाऱ्या मुलाच्या छातीत जातो. मावशींना काढून टाकायची गरज नाही. त्यांच्या हाती मॉइश्चरायझर द्या आणि सांगा, ‘मावशी, हेच जिरवा, पण हलक्या हातानं, केसांच्या दिशेनं खाली.’ हात त्यांचे सरावाचे असतात. काम उत्तम होतं.

आंघोळीनंतर जुना मऊ पंचा घ्या आणि अंग टिपा, पुसू नका. कातडी किंचित दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, पुढचं काम सुरू व्हायला हवं. म्हणून मलमं आणि कपडे आंघोळीच्या आधीच हाताशी काढून ठेवा.

मॉइश्चरायझर: आठवड्याला पाव किलो

तीव्र इसब असलेल्या लहान मुलाला आठवड्याला साधारण 250 ग्रॅम लागतं. अंगभर पसरलेला इसब असेल तर त्याहूनही जास्त. महिन्याला 100 ग्रॅमची एक बाटली पुरत असेल तर उपचार अजून सुरूच झालेला नाही असं समजा.

खर्चाचं ओझं खरं आहे, म्हणून स्पष्ट सांगते: महाग म्हणजे चांगलं असं इथे मुळीच नाही. साधी पांढरी पेट्रोलियम जेली, किंवा पांढरं मऊ पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन यांचं मिश्रण ही स्वस्त आणि खात्रीची औषधं आहेत. घट्ट मलम जास्त काम करतं, पातळ लोशन कमी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दिवसा घट्ट मलमानं घाम कोंडतो; तिथे सकाळी क्रीम आणि रात्री मलम अशी विभागणी करा. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात मलमच हवं. दिवसातून निदान तीन वेळा. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्यानं काढून घ्या. नाहीतर जंतू डब्यातच वाढतात.

खोबरेल चालतं का? अखंड कातडीवर चालतं. व्हर्जिन खोबरेलाचा सौम्य-मध्यम इसबात उपयोग झाल्याच्या चाचण्या आहेत. तीव्र इसबात ते एकटं पुरत नाही. ऑलिव्ह तेल टाळा, त्यानं त्वचेचं आवरण आणखी कमकुवत होतं. आणि बदामाचं तेल, शेंगदाण्याचं तेल, बकरीच्या दुधाचं किंवा ओट्सचं क्रीम फाटलेल्या कातडीवर लावू नका. तोंडावाटे गेलेलं अन्न शरीर आपलंसं करायला शिकतं. तेच अन्न फुटलेल्या कातडीतून आत गेलं तर त्याची ॲलर्जी जडू शकते.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. पॅराफिन किंवा जेली मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात आणि एका धुण्यानं तो अंश पूर्ण जात नाही. देवघरातला दिवा, गॅसची शेगडी, दिवाळीतल्या फुलबाज्या यांच्यापासून असं मूल लांब ठेवा.

स्टिरॉइड मलम: पेरांचा हिशोब

मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत, ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढा. ट्यूबचं तोंड साधारण 5 मिलिमीटर रुंद असेल तर हे अर्धा ग्रॅम होतं. बारीक तोंडाच्या ट्यूबमधून तेवढीच रेघ कमी मलम देते. एका पेरात मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढी जागा झाकली जाते.

एक ते दोन वर्षांच्या मुलासाठी एका वेळचं माप असं: चेहरा आणि मान दीड पेर, एक अख्खा हात दीड, एक अख्खा पाय दोन, छाती-पोट दोन, पाठ आणि कुल्ले तीन. समजा दीड वर्षाच्या मुलीच्या दोन्ही हातांवर आणि दोन्ही पायांवर सगळीकडे इसब आहे. तीन अधिक चार, सात पेरं, म्हणजे साडेतीन ग्रॅम, एका वेळेला. 15 ग्रॅमची ट्यूब चार वेळा लावून संपते. तीच ट्यूब अनेक घरांत दोन-दोन महिने चालते आणि मग मलमाला गुण नाही म्हणून डॉक्टर बदलले जातात. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला एका हाताला दोन आणि एका पायाला तीन पेरं लागतात. सहा महिन्यांच्या बाळाला एक आणि दीड.

ताकद कुठे किती? चेहरा, मान, काखा, जांघा इथे सौम्य: 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन किंवा डेसोनाइड. अंगावर, हातापायांवर जोर असेल तर डॉक्टर काही दिवसांसाठी फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन देतात. क्लोबेटासॉल लहान मुलाला त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतः सांगितल्याशिवाय नाही. ट्यूबच्या मागचा बारीक मजकूर वाचायची सवय लावून घ्या. त्यात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनबरोबर एखादं बुरशीचं आणि एखादं जंतूंचं औषध एकत्र दिसलं, तर ती ट्यूब मुलाच्या अंगाला लावायची नाही. कुणाला कितीही गुण आलेला असो.

मलम दिवसातून एकदा किंवा दोनदा, सांगितलं असेल तसं. त्याच्यात आणि मॉइश्चरायझरमध्ये पंधरा ते तीस मिनिटांचं अंतर ठेवा, म्हणजे एक दुसऱ्याला पातळ करणार नाही. आणि थांबायचं केव्हा? खाज थांबली म्हणून नाही, रंग निवळला म्हणूनही नाही. डोळे मिटून बोट फिरवलं तर ती जागा शेजारच्या निरोगी कातडीइतकी मऊ लागली पाहिजे, आणि त्यानंतरही एक-दोन दिवस. अर्धवट सोडलेला इसब राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. आठवड्यात परत पेटतो आणि एकूण मलम उलट जास्त लागतं.

एकदा कातडी साफ झाली की पुढची पायरी बहुतेकांना सांगितलेलीच नसते. त्याच त्या जागी इसब वारंवार परतत असेल तर डॉक्टरांना विचारून, कातडी चांगली दिसत असतानाही, आठवड्यातून दोन दिवस त्या जागांवर मलम लावत राहायचं. शनिवार-रविवार धरले की लक्षात राहतं. दोन वर्षांवरच्या मुलांना चेहऱ्यासाठी आणि पापण्यांसाठी 0.03 टक्के टॅक्रोलिमस हा स्टिरॉइड नसलेला पर्याय आहे. पहिले काही दिवस त्यानं चुरचुरतं. आधी माहीत नसेल तर पालक घाबरून तेही बंद करतात.

स्टिरॉइडनं कातडी पातळ होते, हे खरं आहे. जहाल मलम, चुकीच्या जागी, महिनोन्महिने लावलं तर होते, आणि मोठ्या भागावर लावलं तर ते अंगातही शोषलं जातं. पण इसब बसल्यावर उरणारे पांढुरके किंवा काळपट डाग बहुतेक वेळा मलमाचे नसतात, दाह शमल्याची ती मागे राहिलेली खूण असते. काही महिन्यांत रंग परत जुळतो.

ओले कपडे

फारच उसळला असेल तर डॉक्टर ओला पेहराव सुचवतात. आंघोळ, मलम, मॉइश्चरायझर, मग कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला सुती बनियन-पायजमा, त्यावर कोरडा सुती जोड. काही तास किंवा रात्रभर. खाज झपाट्यानं उतरते. आतलं स्टिरॉइडही यामुळे जास्त शोषलं जातं, म्हणून कोणतं आणि किती दिवस हे विचारूनच. जंतुसंसर्ग झालेला असेल तर अजिबात नाही, आणि थंडीत मूल गारठत नाही ना यावर लक्ष हवं. ब्लीचची अतिसौम्य आंघोळ हाही तज्ज्ञांनी तुमची बाटली बघून माप लिहून दिल्याशिवाय घरी करायचा प्रकार नाही.

रात्र

आमच्या मुलीची खाज दिवे मालवले की सुरू व्हायची. ती गुडघ्यांची मागची बाजू चादरीवर घासत राहायची, आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर बारीक तांबूस ठिपके. तेव्हा आम्हाला उपयोगी पडलं ते असं: झोपण्याच्या तासभर आधी आंघोळ आणि मलम उरकणं, खोली गार, पांघरूण हलकं, अंगात लांब बाह्यांचा जुना मलमलचा झबला. फ्रिजमध्ये ठेवलेलं मॉइश्चरायझर खाज सुटल्या जागी दाबून लावलं की ती बऱ्याचदा डोळा लावायची. ‘खाजवू नको’ हे मात्र म्हणू नका. मुलाच्या हातात ते नसतं. त्याऐवजी हातात काहीतरी द्या. नखं आठवड्यातून दोनदा कापा आणि कानशीनं गुळगुळीत करा.

सेटिरिझिनसारख्या खाजेच्या सिरपनं इसबाची खाज फारशी जात नाही. गुंगी आणणारी सिरपं काही रात्रींपुरती डॉक्टर देतात; ती रोजची सवय नसावी आणि तान्ह्या बाळाला स्वतःहून तर कधीच देऊ नये.

कपड्यांत सुती अस्तर हवं. लोकर थेट अंगाला नको, कुंची-मोजेसुद्धा सुतीच. डिटर्जंट दोनदा खळखळून काढा. खोट्या धातूचे पैंजण, घामानं भिजणारा काळा दोरा, डासांची कॉइल, उदबत्तीचा दाट धूर हे बाजूला करा. नरकचतुर्दशीचं उटणं अशा मुलाला नुसतं बोटभर कपाळाला लावून शास्त्र पाळता येतं.

खाणं

‘दूध बंद करा, अंडं बंद करा, वांगं नको, आंबा उष्ण.’ या पथ्यांनी इसब क्वचितच थांबतो. मुलाचं वजन मात्र थांबतं. अंगावर पाजणाऱ्या आईचं ताट रिकामं करण्याचं तर काहीच कारण नाही. रक्ताच्या ॲलर्जी पॅनेलमध्ये दहा पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ येणं म्हणजे दहा पदार्थांची ॲलर्जी नव्हे. खाल्ल्यावर दोन तासांच्या आत गांध्या उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, तर ती ॲलर्जीची खरी शंका, आणि ती तज्ज्ञांसमोर तपासायची. वर्षाच्या आतल्या बाळाचा इसब नीट उपचार करूनही हटत नसेल तर दोन ते चार आठवडे एखादा पदार्थ देखरेखीखाली थांबवून परत सुरू करून बघतात. तो ‘परत सुरू करून बघणं’ हा भाग वगळायचा नाही.

शेंगदाण्याबद्दल तर जग उलट्या दिशेला गेलं आहे. 2015 च्या लीप या ब्रिटिश अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या चार ते अकरा महिन्यांच्या बाळांना नियमित शेंगदाणा दिला, तेव्हा पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाण्याची ॲलर्जी जवळजवळ 80 टक्क्यांनी कमी झाली. आपल्याकडे कूट घरोघरी असतं. पण तीव्र इसब असलेल्या बाळाला पहिला घास देण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या, आणि द्यायचं ते अगदी बारीक कूट पेजेत कालवून. अख्खा दाणा घशात अडकतो.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

मधाच्या रंगाच्या खपल्या, पू, वाढती ऊब आणि दुखणं, ताप: जंतुसंसर्ग. त्याच दिवशी डॉक्टर.

आणि एकसारख्या आकाराचे, पुंजक्यानं आलेले फोड, किंवा टोच्यानं पाडल्यासारखे गोल खोल व्रण, बरोबर ताप, मूल मलूल, इसब एकाएकी दुखरा: हा नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. हा तातडीचा प्रसंग आहे, रात्र असली तरी रुग्णालय गाठा. असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध वेळेवर मिळालं तर मूल सावरतं. डोळ्याजवळ फोड असतील तर नेत्रतज्ज्ञही हवेत. ओठाला जर, म्हणजे बारीक फोड, उठलेल्या कुणालाही, मग ते लाडके आजोबा असोत, बाळाची पापी घेऊ देऊ नका.

एवढं करूनही आकडा उतरत नसेल

मापानं मलम, पाव किलो मॉइश्चरायझर, सगळं नीट चालू असून पोएमचा आकडा चार-सहा आठवडे 17 च्या वरच असेल, तर पुढच्या उपचारांबद्दल तुम्ही स्वतः विचारा. सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्झेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, थोड्या मोठ्या मुलांना अतिनील किरणं, आणि डुपिलुमॅबचं इंजेक्शन, ज्याला अमेरिकेत 2022 साली सहा महिन्यांवरच्या बाळांसाठी मान्यता मिळाली. खर्च मात्र फार मोठा. पोटातून स्टिरॉइडचे कोर्स पुन्हापुन्हा घेणं हा मार्ग नाही, थांबवलं की इसब दुप्पट उसळतो. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड किंवा जड धातू असू शकतात. दोन दिवसांत चमत्कार दिसला तर संशय घ्यावा तो याचाच.

इसब आहे म्हणून लसी थांबवायच्या नाहीत. उलट, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होण्याआधी गोवर आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी झाल्या आहेत का, हे तपासावं लागतं, कारण नंतर त्या देता येत नाहीत.

मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या ठिकाणी, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात, हे उपचार खासगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतात. जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. कोणती किती दिवसांत संपली ते तिच्यावरच पेनानं लिहा. सोबत रविवारचे आकडे, फोटो, वजनाचा तक्ता आणि लसीकरणाचं कार्ड.